बाबांच्या मनगटातला चाप

माझ्या बाबांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांची दारं उघडली आणि पडले ते स्वतःच्या दुकानातल्या स्टुलावरून. स्टुलाचा एक पाय आखूड होता असं ते सांगतात. आई म्हणते, स्टूल शहाणं होतं, वर चढलेला माणूस घाईत होता. काही का असेना, पडताना त्यांनी उजवा तळवा टेकला आणि मनगट सुजून दुप्पट झालं.

बाबा कुलूपवाले. जिन्याखालच्या एका खोलीत त्यांचं दुकान. तीन भिंतींवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, चौथ्या बाजूला दार. आमच्या गल्लीत असं घर नसेल की ज्यातलं कोणी कधी ना कधी बाहेर अडकलं नाही आणि बाबांनी त्याला आत घेतलं नाही. त्यामुळे लोक त्यांना मान देतात, आणि जरा बिचकूनही असतात.

मनगट दुखतंय म्हटल्यावर शहाण्या माणसाने डॉक्टर गाठावा. बाबांनी तीन आठवडे "मुरगळलंय, दुसरं काही नाही" असं म्हणत ढकलले. मी ओरडले, आई ओरडली. शेवटी डाव्या हाताने काम रेटताना एका बाईंच्या घराची किल्ली त्यांनी अशी कापली की ती बाईंच्या कुलपात तर जाईनाच, गेली तर बाहेर येईना. तेव्हा कुठे स्वारी दवाखान्यात आली. फोटो निघाला, प्लास्टर चढलं, तीन महिने गेले. प्लास्टर काढून पुन्हा फोटो काढला तर हाड मोडल्याची काळी रेघ जिथल्या तिथे.

हाडांचे डॉक्टर तरुण होते, पण बोलणं मोजकं. दर महिन्यातल्या एकाच गुरुवारी ते आमच्याकडच्या दवाखान्यात हाताची ऑपरेशनं करायला येत.

"काका, मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी, काजूएवढं एक हाड असतं," ते म्हणाले. "ते मधोमध मोडलंय. त्याला रक्त एकाच बाजूने मिळतं. मोडलं की पलीकडचा तुकडा उपाशी राहतो. तुम्ही आधीच फार दिवस काढलेत. येत्या गुरुवारी ऑपरेशन केलं तर जुळायची आशा आहे. एक महिना आणखी गेला तर तो तुकडा मरेल."

"मेला तर?"

"तर मनगट कायमचं जखडून टाकावं लागेल. दुखणार नाही. पण वळणारही नाही."

"किल्ली फिरेल?" बाबांनी विचारलं.

"नाही, काका."

माझे बाबा झोपेतसुद्धा बोलतात. त्या दिवशी मात्र ते गप्प बसले, आणि त्यांचं गप्प बसणं मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग डॉक्टरांनी उपाय सांगितला. "एका खास धातूचा चाप बसवू. बर्फात गार केला की त्याचे दोन्ही पाय फाकवता येतात. तसाच हाडात बसवायचा. अंगाची ऊब लागली की त्याला आपला मूळ आकार आठवतो, पाय आपोआप मिटतात आणि हाडाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरतात. त्याच्यावर एक लेप..."

"तो आम्हीच देतो!" मी एवढ्याने ओरडले की बाहेर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आत डोकावून पाहिलं.

खरंच सांगते, नऊ वर्षं मी हेच काम करते. धातूचे चाप तयार होऊन आमच्या कारखान्यात येतात, आणि आम्ही त्यांच्यावर लेप चढवतो. मंडळी विचारतात, तू काय करतेस? मी सांगते, चापांना अंगरखे घालते. मंडळी हसतात आणि विसरतात. घरातही कोणाला कधी पत्ता लागला नव्हता की मी नेमकं काय करते. आई शेजारणींना "ती भट्टीवर असते" असं सांगते. त्यांना वाटतं मी पाव भाजते.

"लेप महत्त्वाचा," डॉक्टर म्हणाले. "या धातूत निकेल असतं. काही जणांना ते सोसत नाही."

बाबांनी मुकाट्याने डाव्या हाताची बोटं पुढे केली. लाल चट्टे, फुटलेली कातडी. किल्ल्यांवर निकेलचा मुलामा असतो, आणि बाबांना तो आयुष्यभर सोसलेला नाही. चाळीस वर्षं त्यांनी किल्ली फडक्यात धरून कापली. दुसरा धंदा करा असं आई लग्न झाल्यापासून सांगतेय.

डॉक्टरांनी ती बोटं पाहिली आणि माझ्याकडे वळले. "मग लेप अगदी शाबूत हवा. कुठे चीर नको, पोपडा नको. तोच लेप हाडाला चिकटून बसायला मदतही करतो."

"शाबूतच असेल," मी म्हणाले. छाती अशी काही फुगली होती की विचारू नका.

त्या संध्याकाळी मी एक बाद झालेला चाप घरी नेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाटीत बर्फाचं पाणी घेतलं, चाप त्यात बुडवला, चिमट्याने त्याचे पाय फाकवले आणि बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवला. पाच-सहा सेकंद काही झालं नाही. मग पाय हळूहळू आत वळायला लागले, आणि मिटले.

बाबांनी तळहात डोळ्यांजवळ आणला. "ह्याला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ऊब लागली."

"म्हणजे बिनकिल्लीचं कुलूप. आणि उघडायचं कसं?"

"बर्फात घालून."

"अंगात बर्फ कुठून येणार?"

"म्हणूनच तर उघडत नाही."

बाबांनी आईला हाक मारली, शेजारच्या शिंपीणकाकूंना बोलावलं, वाटीतला बर्फ संपेपर्यंत सगळ्यांना खेळ दाखवला. "माझ्या मुलीला साधं दळण आणायचं लक्षात राहत नाही," ते सांगत होते, "आणि हिच्या हाताखालच्या तारेची आठवण बघा!" बाबा पुन्हा बोलायला लागले याचा मला इतका आनंद झाला की दळणाचं बोलणं मी मनावर घेतलं नाही.

आता माझ्या शहाणपणाकडे येते.

लेप देणं दिसायला सोपं. सहा चापांचा एक ट्रे. तो दुधट द्रावणात बुडवायचा, एकाच संथ गतीने वर काढायचा, वाळवायचा, मंद भट्टीत ठेवायचा. एकदाच. केसाचे उभे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा लेप चढतो. सोमवारी सकाळी आमच्या दवाखान्याची मागणी माझ्या टेबलावर आली. सगळ्यात लहान माप, एकच चाप, पण लेप द्यायचा तर अख्ख्या ट्रेला. हा ट्रे बाबांचा, हे मला ठाऊक होतं आणि दुसऱ्या कोणालाच नव्हतं.

मी तो बुडवला, काढला, भाजला. मग त्याच्याकडे बघत उभी राहिले. केसाचा शंभरावा भाग! एवढ्याशा पापुद्र्याच्या भरवशावर मी बाबांना सोडू? ती सोललेली बोटं डोळ्यांपुढे आली. आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं. मी ट्रे पुन्हा बुडवला. पुन्हा भाजला. आणि मग, एकदा केलंच आहे तर, म्हणून तिसऱ्यांदाही. पानात आग्रहाने वाढावं तसं. ट्रे तपासणीला पाठवला आणि मी चक्क गुणगुणत घरी गेले.

आमच्या तपासणीच्या मॅडमना सगळे पाठीमागे भिंग म्हणतात. पन्नाशीच्या, बारीक, चष्म्याला दोरी. माझं आणि त्यांचं नऊ वर्षांत एकदाही पटलेलं नाही. मी दार आपटते असं त्यांचं म्हणणं, आणि त्या दाराला कान लावून बसतात असं माझं. प्रत्येक ट्रेमधला एक चाप त्या बळी देतात. बर्फात घालून पाय फाकवायचे, कोमट पाण्यात मिटू द्यायचे, असं दहा वेळा करायचं आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. तो पास झाला की बाकीचे पाच बाहेर पडतात.

मंगळवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. "ये, बघ."

मी डोळा लावला. चाप जिथे वळतो तिथे लेप आटलेल्या तळ्याच्या तळासारखा तडकला होता. एका कडेला तर पोपडाच सुटला होता आणि खालचा धातू उघडा चमकत होता.

"ही जाडी कुठून आली?" मॅडमनी विचारलं.

नऊ वर्षं ज्या बाईंशी मी वाद घालत आले त्यांच्याशी आज वाद घालायला जागाच नव्हती. पातळ लेप चापाबरोबर वाकतो. जाड लेप वाकत नाही, तो मोडतो. हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. स्वतःच्या तोंडाने शिकवते!

"मी तीनदा बुडवला," मी म्हणाले. "हा माझ्या बाबांसाठी होता. त्यांना निकेल सोसत नाही. परवा ऑपरेशन आहे. हा गुरुवार चुकला तर त्यांचं मनगट जखडून टाकणार. मॅडम, त्यांचा कुलपांचा धंदा आहे हो." आणि एवढं बोलून मी, जी कारखान्यात सगळ्यांना दमात घेते, ती ढसाढसा रडले.

मॅडमनी मला रडू दिलं. रुमालसुद्धा दिला नाही. मग म्हणाल्या, "नवा ट्रे किती वेळात होईल?"

"पूर्ण सुकवून, भाजून, तपासून... उद्या रात्री. मालाची गाडी तर दुपारीच निघते."

"हं." त्यांनी नापासांची वही पुढे सरकवली. "आधी कारण लिही."

मी डोळे पुसत लिहिलं, "माया जास्त झाली." मॅडमनी वाचलं, एक शब्द खोडला आणि वर लिहिलं, "जाडी." मग वही मिटून त्या उठल्या, मागच्या कपाटापाशी गेल्या आणि एक ट्रे घेऊन आल्या.

"लहान माप. गेल्या शुक्रवारचा. काल पास झाला, पाच शिल्लक आहेत. चार मागण्या आल्यात, चारही ठिकाणी एकेकच लागतो. पाचवा तुझ्या बाबांना."

"शुक्रवारचा? कोणी केलाय?"

"तूच."

मला तो शुक्रवार चांगलाच आठवत होता. त्या दिवशी चहा गार आला म्हणून मी कॅन्टीनवाल्याशी भांडत होते. एका हाताने ट्रे वर काढत होते आणि दुसऱ्या हाताने त्याला कप दाखवत होते. तो चाप माझ्या बाबांच्या अंगात?

"नको हो मॅडम," मी कळवळून म्हणाले. "त्या दिवशी माझं लक्षच नव्हतं. तो आपला... नेहमीसारखा केला."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय इतके साधे दिसतात हे मला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. "नेहमीसारखा म्हणजे कसा? तिऱ्हाईताला चालेल असा आणि बाबांना चालणार नाही असा?"

राग आला. खरं सांगते, फार राग आला. मी काय लोकांना कमी प्रतीचं देते का? नऊ वर्षांत माझ्या हातचे किती ट्रे नापास झाले, काढा वही! आणि ते तोंडातून बाहेर पडायच्या आत मलाच कळलं की मी काय बोलणार होते.

"दाखवा," मी म्हणाले.

शुक्रवारचा बळी गेलेला चाप त्यांनी काचेखाली ठेवला. दहा वेळा वाकलेला, दहा वेळा मिटलेला. वळणावरून मी डोळा हळूहळू फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा. लेप कुठे हललासुद्धा नव्हता.

"सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. लगेच त्या पुढे म्हणाल्या, "जाताना दार हळू लाव."

गुरुवारी बाबांचा फक्त हात बधिर केला होता, त्यामुळे ऑपरेशनची खरी हकीकत कोणालाच कधी कळणार नाही. पडदा लावलेला असूनही बाबांनी सगळं पाहिलं. त्यांचं म्हणणं, डॉक्टरांनी बर्फातून चाप काढला, हाडात बसवला, आणि मग सगळी खोली श्वास रोखून थांबली, आणि टक्! असा आवाज आला. चापाचा आवाज येत नाही. मी हजारो चाप मिटताना पाहिलेत. पण शिंपीणकाकूंपर्यंत पोचेतो तो आवाज शेजारच्या खोलीतल्या रोग्यानेही ऐकला होता, आणि मी गप्प बसायला शिकले.

त्यानंतरचे दिवस मात्र माझी परीक्षा बघणारे होते. बाबा रोज चहाच्या वेळी मनगटावरची कातडी तपासायचे. चट्टा दिसतोय का? खाज सुटतेय का? एकदा सुटली. मी चप्पल न घालता दवाखान्यात निघाले होते. निघाली ती आईने नव्या साबणात धुतलेल्या बाहीची खाज. त्या साबणाची वडी आईने गल्लीच्या टोकाच्या कचऱ्यात नेऊन टाकली, घरातल्या डब्यावर तिचा विश्वास नव्हता. रात्री मी डोळे मिटले की तडकलेला लेप दिसायचा, आणि स्वतःला सांगावं लागायचं, बाई, तो नाही, दुसरा. आईने एकदा विचारलंही, "तुझ्या हातचाच आहे ना? मग एवढी घाबरतेस कशाला?" काय सांगणार? माझ्या हातचा आहे म्हणूनच घाबरत होते.

अकराव्या आठवड्यात फोटो काढायला गेलो. डॉक्टरांनी फोटोची काळी फिल्म उजेडासमोर धरली. काजूएवढं हाड, त्यात माझा चाप, दोन्ही पाय आत मिटलेले. डॉक्टर रेघ शोधत होते. मीही शोधत होते. बाबा आमच्या दोघांची तोंडं बघत होते.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"काय नाही?" बाबांचा आवाज चिरकला.

"रेघ नाही, काका. जुळलं. पूर्ण जुळलं."

बाबांनी खिसे चाचपले. वरचा, खालचा, पुन्हा वरचा. कुलूपवाल्याच्या खिशात एक किल्ली नसावी! सहा महिने झाले होते, त्या हाताला काम नव्हतं ना. डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी आपल्या टेबलाच्या खणाची किल्ली काढून पुढे केली. बाबांनी ती उजव्या हातात घेतली, फडक्याशिवाय, आणि खणाला लावली. मनगट वळलं. खण उघडला.

बाबांनी तो बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा बंद. पाचव्या वेळी डॉक्टर म्हणाले, "काका, आतलं पेन तेवढं घेऊ का?" आणि आम्ही तिघेही असे हसलो की बाहेर बसलेली एक बाई दार ढकलून बघायला आली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंही नाही. निघता निघता बाबांनी कुलपाला तेल हवंय असंही सांगून टाकलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. तीनदा बुडवलेला ट्रे, वही, शुक्रवार, गार चहा. एवढे दिवस पोटात होतं. मला वाटलं चिडतील, निदान कॅन्टीनवाल्यावर तरी.

बाबा चालता चालता थांबले. "म्हणजे मला जो बसवला तो कोणासाठीच केला नव्हता?"

"कोणासाठी म्हणून नाही. त्या ट्रेमधले चार आणखी गेले, चार दवाखान्यांत."

"कोणाला बसले?"

"आम्हाला नंबर कळतो, बाबा. नाव कळत नाही."

ते जरा विचार करत उभे राहिले, आणि मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला क्षणभर ते माझ्याहून लहान वाटले. "म्हणजे त्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही," ते म्हणाले, "की त्यांना कुलूपवाल्याचा चाप मिळालाय."

मग त्यांनी उजव्या हाताने माझा हात धरला, घट्ट, आणि घर येईपर्यंत समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनगटाकडे बघत राहिले.